काम दिलेत, आता कागदही द्या
इंदूरमधील मराठी मंडळे, न्यास आणि शिक्षणसंस्था यांच्या पदाधिकाऱ्यांस खुले पत्र

आदरणीय अध्यक्ष, सचिव, विश्वस्त आणि कार्यकारिणी सदस्य,

सप्रेम नमस्कार.

आमच्या घरात दोन व्यवसाय आहेत. सुदामानगरातल्या घराच्या तळमजल्यावर मी बारा यंत्रांचे शिवणकामाचे युनिट चालवते. रुग्णालयांच्या चादरी, उशांचे अभ्रे आणि शाळांचे गणवेश हे आमचे मुख्य काम. वरच्या मजल्यावर राहणारे माझे दीर वीजजोडणीचे ठेकेदार आहेत. मला या धंद्यात नऊ वर्षे झाली, भाऊजींना बावीस. आपल्या संस्थांची सात सभागृहे, तीन शाळा आणि दोन देवळे यांच्या भिंतींतली वायरिंग त्यांच्या हातची आहे. तरीही मागच्या वर्षी सरकारी कामे मिळवायची असे ठरवून आम्ही दोघे जेवणाच्या टेबलावर आपापल्या फायली उघडून बसलो, तेव्हा असे दिसून आले की सरकारच्या लेखी अनुभव मला आहे आणि त्यांना नाही.

कारण साधे आहे. माझी पहिली गिऱ्हाइके खासगी रुग्णालये होती आणि त्यांचा लेखाविभाग बिलाशिवाय एक रुपया सोडत नसे. भाऊजींची गिऱ्हाइके आपण होता. आपण त्यांना विश्वासाने काम दिले, पैसे बुडवले नाहीत, एका वर्धापनदिनी व्यासपीठावर बोलावून शाल-श्रीफळही दिले. कार्यादेश मात्र दिला नाही, काम पूर्ण झाल्याचे प्रमाणपत्र दिले नाही, आणि पैसे बहुतेक वेळा पाकिटातून दिले. शाल कपाटात आहे. ती कोणत्याही पोर्टलवर अपलोड होत नाही.

या पत्रातून मला आपल्याकडे दोन गोष्टी मागायच्या आहेत. त्या का मागते हे कळण्यासाठी सरकारी ठेकेदार होणे म्हणजे नेमके काय, हे आधी सांगितले पाहिजे; कारण जत्रेतल्या स्टॉलवर, हळदीकुंकवाला आणि लग्नाच्या पंगतीत मला जे प्रश्न विचारले जातात त्यांवरून आपल्या लोकांच्या मनात याविषयी मोठा गोंधळ आहे असे दिसते.

सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न असा: “सरकारी ठेकेदाराची नोंदणी कुठे होते?” अशी एकच नोंदवही कुठेही नाही. व्यवसायाची ओळख पटवणारे कागद आधी लागतात, म्हणजे पॅन, जीएसटी क्रमांक, धंद्याच्या नावाचे चालू खाते आणि उद्यम नोंदणी, म्हणजे केंद्राकडची लहान-मध्यम उद्योगांची नोंदणी. त्यानंतर ज्याला माल विकायचा किंवा ज्याचे काम करायचे, त्याच्या बाजारात जाऊन नाव नोंदवावे लागते. केंद्र सरकारच्या खात्यांना वस्तू व सेवा पुरवायच्या असतील तर २०१६ साली सुरू झालेले जेम हे सरकारी खरेदीचे ऑनलाइन पोर्टल, राज्य सरकारची आणि महापालिकेची कामे हवी असतील तर एमपी टेंडर्स हे राज्याचे निविदा पोर्टल, रेल्वेसाठी आयआरईपीएस हे तिचे पोर्टल. बांधकामाच्या स्वरूपाची कामे असतील तर त्याशिवाय त्या त्या खात्याची स्वतःची यादी असते, जशी लोक निर्माण विभागाची किंवा महूच्या छावणीतली कामे काढणाऱ्या एमईएस या लष्करी बांधकाम खात्याची, आणि अशा काही याद्यांत आपण कितव्या वर्गात बसतो यावर आपल्याला किती रकमेपर्यंतचे काम मागता येईल हे ठरते. इंदूरच्या आसपास खरेदीदारांची वाण नाही. आयआयटी आहे, आयआयएम आहे, राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र आहे, महू आहे, रतलाम मंडळाची रेल्वे आहे. २०१७च्या सामान्य वित्तीय नियमांतल्या १४९व्या नियमाप्रमाणे केंद्राच्या खात्यांनी जेमवर मिळणारी वस्तू जेमवरूनच घ्यायची असल्यामुळे, सुदामानगरातल्या तळमजल्यावरून निघालेली चादरही तत्त्वतः त्या यादीत मुंबई-सुरतेच्या चादरीशेजारी दिसू शकते. तत्त्वतः हा शब्द मी मुद्दाम वापरते आहे.

उद्यम नोंदणीची हकीकत मी थोडी विस्ताराने सांगते, कारण तिथे मी स्वतः फसले. ही नोंदणी १ जुलै २०२० पासून आहे आणि तिने आधीच्या उद्योग आधारची जागा घेतली. तिला शुल्क नाही, कागद जोडावे लागत नाहीत, सगळी माहिती स्वयंघोषणेने भरायची असते, आणि आधारला जोडलेला मोबाईल हाताशी असला तर अर्ध्या तासात काम होते. नूतनीकरणाचीही गरज नाही. याच अर्ध्या तासाच्या कामाचे २०२२ मध्ये मी एका सल्लागाराला साडेतीन हजार रुपये दिले. सरकारी पोर्टलसारखी दिसणारी आणि ‘फॉर्म फी’ मागणारी खासगी संकेतस्थळे आजही शोधयंत्रात वर येतात, तेव्हा फसणारी मी एकटी नसेन. पण साडेतीन हजारांचे दुःख मला नाही. त्या गृहस्थाने व्यवसायाचा प्रकार निवडताना माझ्या घराबाहेरची पाटी पाहून व्यवसायांच्या सरकारी वर्गीकरणातला ४७ हा विभाग निवडला. ४७ म्हणजे किरकोळ व्यापार. चादरी-अभ्रे शिवणारा उद्योग १३व्या विभागात आणि कपडे शिवणारा १४व्या विभागात येतो. प्रमाणपत्रावर मी उत्पादक नव्हते, दुकानदार होते.

यामुळे काय बिघडले ते पाहा. सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी केंद्राचे २०१२चे सार्वजनिक खरेदी धोरण आहे. केंद्राची खाती आणि सार्वजनिक उपक्रम यांनी वर्षाच्या खरेदीपैकी किमान २५ टक्के खरेदी या उद्योगांकडून करावी, त्यातले ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या आणि ३ टक्के महिलांच्या उद्योगांकडून असावेत, असे ते सांगते. ३५८ वस्तू केवळ याच उद्योगांकडून घ्यायच्या असतात. निविदेचे कागद फुकट मिळतात, अनामत रक्कम, म्हणजे इकडे जिला धरोहर राशी म्हणतात ती, भरावी लागत नाही. सर्वांत कमी भाव मोठ्या कंपनीचा असेल आणि आपला भाव त्याच्यापेक्षा १५ टक्क्यांच्या आत असेल, तर आपण तो भाव मान्य करून किमान चौथा हिस्सा पुरवू शकतो. परंतु हे सगळे उत्पादकांना आणि सेवा देणाऱ्यांना आहे. व्यापाऱ्यांना जुलै २०२१ मध्ये उद्यम नोंदणीची दारे उघडली ती केवळ बँकांच्या प्राधान्य क्षेत्रातील कर्जापुरती. मी केंद्राच्या एका संस्थेच्या वसतिगृहासाठी चादरींची बोली लावली, अनामत रकमेतून सूट मागितली, आणि माझी बोली तांत्रिक छाननीतच बाद झाली. कारण वाचल्यावर त्यात खात्याची काही चूक नाही हे मला मान्य करावे लागले. महिलांसाठी राखलेल्या ३ टक्क्यांच्या बाहेर मीच स्वतःला पैसे मोजून उभे केले होते. दुरुस्ती मात्र त्याच पोर्टलवर, त्याच फुकटात, एका संध्याकाळी झाली.

दुसरी अडचण नावांची. ही आपल्या समाजाची खास अडचण आहे, आणि तिच्याविषयी कोणी लिहिलेले मी अजून वाचलेले नाही. आपण नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव असे तिपदरी नाव लावतो. इथल्या शाळांनी दाखल्यावर मधले नाव गाळून हिंदी पद्धतीने दोनच शब्द ठेवले. वडिलांच्या नावापुढचा ‘राव’ एका कागदावर आहे, दुसऱ्यावर नाही, तिसऱ्यावर तो स्वतंत्र शब्द होऊन आडनावाच्या जागी बसला आहे. सासूबाईंच्या आधारवर ‘बाई’ आहे, पासबुकात नाही. आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग प्रत्येक कारकुनाने आपल्या कानाप्रमाणे केले. माझे पॅन लग्नाआधीचे, म्हणून त्यावर माहेरचे नाव, आधार लग्नानंतरचे, बँकेने दोन्हींचा मेळ घालून तिसरेच नाव तयार केले. बँकेच्या खिडकीतला माणूस हे समजून घेतो. पोर्टल एकेक अक्षर ताडून पाहते आणि ‘नाव जुळत नाही’ एवढेच सांगते. हे सगळे सरळ करण्यात माझे चार महिने गेले, त्यातले दोन केवळ चुकीच्या टोकापासून सुरुवात केल्यामुळे. आधी एक स्पेलिंग कायमचे ठरवावे, त्याप्रमाणे आधार आणि पॅन दुरुस्त करून घ्यावे, त्यानंतर बँक, आणि जीएसटी, उद्यम, जेम सर्वांत शेवटी. मी जीएसटीपासून सुरुवात केली होती.

डिजिटल सहीविषयी थोडक्यात, पण गंभीरपणे सांगते. निविदा भरण्यासाठी वर्ग तीनची डिजिटल सही लागते. ती पेनड्राइव्हसारख्या टोकनमध्ये असते आणि माहिती तंत्रज्ञान कायद्यानुसार तिला हाताच्या सहीइतकीच किंमत आहे. आपल्या ओळखीतले कितीतरी लहान ठेकेदार ते टोकन पिनसकट फॉर्म भरून देणाऱ्या माणसाकडे ठेवून मोकळे होतात. कोऱ्या धनादेशांवर सह्या करून पुस्तक दुसऱ्याच्या खणात ठेवण्यासारखेच हे आहे. शिवाय त्याच माणसाकडे त्याच निविदेसाठी आणखी दोघांची टोकने असतील आणि तिन्ही बोल्या एकाच संगणकावरून गेल्या, तर तो संगनमताचा पुरावा म्हणून आपल्यापुढे ठेवला जाऊ शकतो.

आता भाऊजींकडे वळते, कारण खरा प्रश्न त्यांचा आहे. मी वर जे खरेदी धोरण सांगितले ते वस्तू आणि सेवांसाठी आहे. बांधकाम व तत्सम कामांचे ठेके त्यात धरले जात नाहीत. शिवाय ते धोरण केंद्राच्या खरेदीचे आहे. मध्य प्रदेशच्या खात्यांची खरेदी राज्याच्या २०१५च्या भंडार क्रय तथा सेवा उपार्जन नियमांनी चालते. म्हणजे सभागृहाची वायरिंग करणाऱ्या माणसाला माझ्यासारखी सूट मिळत नाही. जेमवरच्या माझ्या बोलीत ‘सूक्ष्म-लघु उद्योगांना अनुभव व उलाढालीत सूट’ अशी एक ओळ असते, आणि खरेदीदाराने तिच्यापुढे ‘होय’ लिहिले असेल तर अनुभवाशिवायही मी स्पर्धेत उतरू शकते. ती ओळ सर्वांत आधी वाचावी, ‘नाही’ असेल तर वेळ घालवू नये, हे मी बऱ्याच बोल्या वाया घालवून शिकले. भाऊजींच्या निविदांत अशी ओळच नसते. तिथे अनुभव हवा म्हणजे हवाच.

किती हवा? केंद्रीय दक्षता आयोगाने १७ डिसेंबर २००२ रोजी एक परिपत्रक काढले, आणि त्यातले प्रमाण आजही असंख्य निविदांत जसेच्या तसे आढळते. मागच्या सात वर्षांत त्याच प्रकारची तीन कामे केलेली असावीत, प्रत्येक काम अंदाजित रकमेच्या ४० टक्के किंवा त्याहून मोठे. नाहीतर दोन कामे ५० टक्क्यांची. नाहीतर एक काम ८० टक्क्यांचे. मागच्या तीन वर्षांची सरासरी उलाढाल अंदाजित रकमेच्या ३० टक्के असावी. दहा लाखांच्या कामाला हे लावून पाहा: चार-चार लाखांची तीन कामे, किंवा पाच-पाच लाखांची दोन, किंवा आठ लाखांचे एक, आणि वर्षाला सरासरी तीन लाखांची उलाढाल. हा आकडा ऐकून भाऊजी हसले. आपल्याच संस्थांकडे मागच्या सात वर्षांत त्यांनी चार लाखांहून मोठी पाच कामे केली आहेत. कागदावर त्यांतले एकही नाही.

“खासगी संस्थेचे काम सरकार अनुभव म्हणून धरते का?” असे आपण विचाराल. पुष्कळ निविदांत धरले जाते, पण एका अटीवर: त्या कामाच्या पैशांवर करकपात झाल्याचा दाखला जोडावा लागतो. संस्थेने प्रमाणपत्र दिले आणि तेवढीच रक्कम ठेकेदाराच्या आयकराच्या २६एएस विवरणात, म्हणजे त्याच्या नावे कापलेल्या कराच्या नोंदीत, दिसली, तर कागद खरा ठरतो. येथे एक गोष्ट मला नम्रपणे आपल्या लक्षात आणून द्यायची आहे. नोंदणीकृत संस्था आणि न्यास यांनी ठेकेदाराला एका वेळी ३० हजारांहून अधिक किंवा वर्षभरात एक लाखाहून अधिक रक्कम दिली, तर त्यावर आयकर कापणे हे त्यांचे कर्तव्यच आहे. ठेकेदार व्यक्ती असेल तर दर फक्त १ टक्का. चार लाखांवर चार हजार. ते चार हजार भाऊजींना विवरणपत्र भरल्यावर वळते होतात. न कापल्याने वाचले काहीच नाही. उलट आपले लेखापरीक्षण कच्चे राहिले आणि एका माणसाची बावीस वर्षे अदृश्य झाली.

म्हणून माझी पहिली मागणी. यापुढे आपल्या संस्थेतले कोणतेही काम, मग ते रंगाचे असो, मांडवाचे, भोजनाचे, छपाईचे की पडदे शिवण्याचे, लेखी कार्यादेशाने द्यावे. त्यावर जावक क्रमांक आणि तारीख असावी, काम काय ते स्पष्ट लिहावे, रक्कम व मुदत लिहावी. पैसे बँकेतून द्यावेत आणि नियमाप्रमाणे कर कापावा. काम झाल्यावर लेटरहेडवर प्रमाणपत्र द्यावे: कार्यादेशाचा क्रमांक, कामाचे वर्णन, सुरू केल्याची तारीख, ठरलेली आणि प्रत्यक्ष पूर्ण झाल्याची तारीख, दिलेली एकूण रक्कम आणि काम समाधानकारक झाले की नाही. समाधानकारक झाले नसेल तर तसे लिहावे. भोजनाचा ठेका घेणाऱ्या आपल्या कितीतरी भगिनी दरवर्षी जत्रेत दोन-तीन दिवस हजारो लोकांना खाऊ घालतात, पण एखाद्या वसतिगृहाच्या खाणावळीची निविदा निघाली की त्यांच्याजवळ दाखवायला फक्त फोटो असतात.

आपले आक्षेप मला ठाऊक आहेत. “बिल घेतले की १८ टक्के जीएसटी लागतो आणि न्यासाला तो परत मिळत नाही.” काही बाबतीत हे खरे आहे, आणि ते मी नाकारत नाही. परंतु ज्याची सेवेची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत आहे त्याला जीएसटी नोंदणी बंधनकारक नाही, आणि जीएसटी नसलेले बिल हेही बिलच असते. आपली बहुतेक कामे करणारे लोक याच मर्यादेत आहेत. दुसरा आक्षेप घरोब्याचा आहे: घरच्या माणसाला कसला कार्यादेश द्यायचा, त्याच्यावर अविश्वास दाखवल्यासारखे होईल. भाऊजींना स्वतःलाही तसेच वाटत असे. त्यांनी कधी कागद मागितला नाही यात त्यांचाही दोष आहे, हे मी त्यांना या पत्राचा मसुदा वाचून दाखवताना सांगितले आहे.

एक विनंती मात्र कृपया कोणी करू नये आणि कोणी मान्य करू नये: जुन्या कामांची मागच्या तारखेची प्रमाणपत्रे. रोखीने झालेल्या कामाचे प्रमाणपत्र आज छापून दिले तरी ते २६एएसशी जुळणार नाही, आणि खोटा कागद जोडल्याचे उघड झाले तर केंद्राच्या नियमांनुसार दोन वर्षांपर्यंत बोली लावण्यास बंदी येऊ शकते. जी दोन-तीन कामे धनादेशाने झाली होती, तेवढ्यांची खरी प्रमाणपत्रे द्यावीत. बाकीचे गेले ते गेले.

दुसरी मागणी माणसांची आहे. आपल्या मराठी समाजाने या शहरात होळकरांच्या काळापासून कचेऱ्या चालवल्या. आजही लोकमान्यनगरात किंवा रामबागेत संध्याकाळी फिरायला निघावे तर वाटेत निवृत्त कार्यकारी अभियंता, निवृत्त विभागीय लेखापाल आणि निवृत्त बँक व्यवस्थापक भेटतात. या मंडळींनी तीस-तीस वर्षे निविदा उघडल्या आहेत. कोणता लिफाफा कशामुळे बाद होतो, दरविश्लेषण कसे पाहतात, मोजमाप पुस्तिकेत काय लिहिले जाते, देयक कोणत्या टेबलावर थांबते, हे त्यांना पाठ आहे. आपण त्यांना अध्यक्षीय भाषणासाठी बोलावतो. महिन्यातून दोन रविवारी सकाळी तीन तास त्यांनी संस्थेच्या एका खोलीत बसावे, आणि येणाऱ्या माणसाची फाइल निविदेशी ताडून ‘हे कमी आहे, हे चुकले आहे, ही निविदा तुझ्यासाठी नाही’ एवढे सांगावे. कोणाच्या नावाने शब्द टाकू नये, आपल्या जुन्या खात्यात फोन करू नये. ज्यांना नोकरीत असताना ठेकेदाराशी बोलणेच गैर वाटे, अशा सचोटीच्या लोकांची तिथे सर्वांत जास्त गरज आहे.

त्यांनी आणखी एक गोष्ट सांगावी अशी माझी अपेक्षा आहे, ती म्हणजे पैशाचे खरे गणित. आपल्याकडे नोकरी सोडून ठेकेदारीत उतरू पाहणाऱ्या तरुणांना वाटते की नोंदणी झाली म्हणजे काम आले. जेमवर पहिल्या वर्षी मी अकरा बोल्या लावल्या आणि मला एक ऑर्डर मिळाली, तीही अशा भावाने की कारागिरांची मजुरी आणि कापड जाऊन हातात फार थोडे उरले. काम मिळाल्यावर ठेक्याच्या ३ ते ५ टक्के रक्कम कामगिरीची हमी म्हणून अडकते. अडीच लाखांच्या वरच्या ठेक्यावर सरकारी खाते २ टक्के जीएसटी कापून घेते. तो परत मिळतो, पण पुढे. माल स्वीकारल्याची नोंद झाली की दहा दिवसांत पैसे द्यायचे असे जेमचे सांगणे आहे. माझे तिसऱ्या महिन्यात आले. सूक्ष्म-लघु उद्योगाला उशिरात उशिरा ४५ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते, असा २००६चा कायदा आहे, आणि त्यासाठी दाद मागण्याची परिषदही आहे. पण पहिल्याच गिऱ्हाइकावर दावा लावण्याची छाती किती जणांना असते? मला नव्हती. ज्याच्याकडे तीन महिने मजुरी देण्याइतके पैसे बाजूला नाहीत त्याने मोठ्या निविदेत उतरू नये, हे एखाद्या निवृत्त लेखापालाने तोंडावर सांगितले तर कितीतरी घरे कर्जातून वाचतील. आणि उद्यम नोंदणी काम घेण्याच्या आधी करावी, हेही सांगावे. मागाहून केलेली नोंदणी आधीच्या बिलांना लागू होते का, यावर सर्वोच्च न्यायालयापर्यंत वाद झालेले आहेत.

वीस माणसांच्या आतल्या व्यवसायाला भविष्यनिर्वाह निधीची नोंदणी कायद्याने सक्तीची नसताना निविदेत तो क्रमांक मागितला जातो, ही वेगळी तक्रार आहे आणि ती मी संबंधित खात्याकडे स्वतंत्रपणे करणार आहे. ती आपल्या हातातली गोष्ट नाही. वर मागितलेल्या दोन्ही गोष्टी आपल्या हातातल्या आहेत आणि त्यांना लागणारा खर्च म्हणजे एक जावक नोंदवही, एक शिक्का आणि रविवारची एक रिकामी खोली.

खोली मिळाल्यास पहिले सहा रविवार मी स्वतः लॅपटॉप घेऊन येईन. उद्यम आणि जेमचे काम मला आता पाहता येते. नावांच्या दुरुस्तीचे तर फारच चांगले येते. येणाऱ्यांनी आधार, पॅन, पासबुक आणि शाळेचा दाखला सोबत आणावा, आधारला जोडलेला मोबाईल आणावा, आणि डिजिटल सहीचे टोकन दुसऱ्या कोणाकडे असेल तर ते आधी परत घेऊन यावे.

भाऊजींनी आपल्यापैकी एका संस्थेच्या सभागृहाची जुनी वायरिंग बदलण्यासाठी मागच्या आठवड्यात चार लाख साठ हजारांचे दरपत्रक दिले आहे. सचिवांनी त्यांना फोनवर “करून टाका, आपलेच आहे” असे सांगितले. काम त्यांनी अजून सुरू केलेले नाही. ते कार्यादेशाची वाट पाहत आहेत.

आपली नम्र,
सुदामानगर, इंदूर येथील एक शिवणउद्योजिका